आईच्या गळ्यातली बाई

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर आयुष्य काढलेला माणूस एक तर देवभोळा होतो, नाहीतर संशयी. आमच्या बाबांनी हे दोन्ही टाळलं आणि ते नुसते गप्प झाले. भाव विचारला तर भाव सांगायचे, बाकी जे काय असेल ते पोटात. त्यामुळे त्यांच्या वाट्याचा संशयही माझ्याच अंगावर आला.

या स्वभावाचा मला एकच फायदा झाला. भुताखेताच्या सिनेमांची गोडी लागली. नव्वदच्या दशकात आमच्या आर्वीत व्हिडिओ पार्लर होतं. खिडक्यांना काळं कापड, समोर टीव्ही, बसायला सतरंजी. दुपारी दुकान बंद करून घरचे लोक झोपले की मी तिथे जाऊन बसत असे. मोठ्या नटांच्या भुताच्या सिनेमात मला कधी भीती वाटली नाही. नायक मरणार नाही हे पोस्टर चिकटवणाऱ्यालाही ठाऊक असायचं. पण कधीमधी एखादी कॅसेट अशी यायची की तिच्यात ओळखीचा एकही चेहरा नसे. चार दोस्तांनी मिळून कुणाच्या तरी शेतातल्या घरात काढलेला सिनेमा. दिवे आणायची ऐपत नाही म्हणून अंधार, आणि बाजा परवडत नाही म्हणून शांतता. त्यात कोण मरेल ते सांगता येत नसे. ज्याला तुम्ही नायक समजून बसलात तोच मध्यंतराआधी आटपायचा. सतरंजीवरचे बाकीचे लोक शिव्या घालत, आणि मी मात्र खूश होऊन घरी येत असे. जगाबद्दल माझा जो अंदाज होता तो कुणीतरी बरोबर ओळखला, असं वाटायचं.

पुस्तकांचंही तेच. गावच्या वाचनालयात मी फक्त पहिलटकर लेखकांच्या कादंबऱ्या नेत असे. माझा सिद्धांत असा की पहिल्या पुस्तकात लेखकाला लपवता येत नाही. घरातलं जे काय काळंबेरं असेल ते तो सरळ अंगणात आणून मांडतो. दुसऱ्या पुस्तकापर्यंत त्याला नातेवाईक भेटून गेलेले असतात. ग्रंथपाल ही पुस्तकं सगळ्यात खालच्या फळीवर ठेवत, आणि मी वाकून एखादं काढलं की माझ्याकडे असे बघत, जसं मी उंदराचं औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो.

तर अशा माणसाच्या घरात, दोन हजार साल उलटल्यानंतर कधीतरी, एक खरोखरीची संशयास्पद गोष्ट घडली, आणि ती मला फार उशिरा कळली.

त्याआधी आईच्या गळ्यातल्या बाईबद्दल सांगायला हवं.

आमची आई बाबांची दुसरी बायको. पहिली लग्नानंतर लवकरच वारली. आमच्याकडे अशी रीत होती की दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीला गळ्यात घालायचं. म्हणजे बोटाच्या पेराएवढा चांदीचा टाक, त्यावर ठोकून काढलेली बाई. दोन डोळे, नाक, लुगड्याचा आभास. तो काळ्या दोऱ्यात ओवून मंगळसूत्राच्या खाली बांधायचा आणि जन्मभर उतरवायचा नाही. आई तिला 'मोठी' म्हणायची. जेवायला बसली की टाकाला अंगठा लावायची आणि पहिला घास ताटाबाहेर, उजव्या हाताला काढून ठेवायची. तो मोठीचा. मग आपण जेवायची. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच आया एका बाईला गळ्यात घेऊन फिरतात.

ही मोठी कशी मेली, ते आईला कुणी सांगितलं नव्हतं. नवी नवरी असताना तिने बाबांना एकदा विचारलं. बाबा उठून दुकानात गेले. त्यानंतर तिने विचारलं नाही, पण विसरलीही नाही. आमच्या बायकोपाशी ती एकदा बोलली होती, "रोज घास टाकतो मी तिले. पण ते राजीखुशीनं गेली का या घरानं तिले घालवलं, थे मले माहीतच नाई. मंग मी घास टाकून राह्यली का दंड भरून राह्यली?"

गल्लीत याबाबत मतभेद होते. कुणी ताप म्हणे, कुणी पान लागलं, म्हणजे साप चावला म्हणे, आणि बहुतेक लोक काहीच न म्हणता आमच्या परसातल्या विहिरीकडे बघत. या विहिरीवर लोखंडी पत्रा होता, पत्र्यावर मोठे दगड. बाबांनीच झाकली होती म्हणतात. माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरे होतं. मी त्या विहिरीकडे कधी पाठ करून उभा राहिलो नाही.

आता धाकट्या भावाबद्दल. त्याचं दुकानात मन नव्हतं. एसटी डेपोजवळ खोली घेऊन त्याने लग्नाच्या शूटिंगचा धंदा टाकला होता. लोकांच्या वराती, वरमाया, रडणाऱ्या नवऱ्या हे सगळं तो कॅसेटात भरून द्यायचा. मिठाची थैली दुकानातून घरात आणून दे म्हटलं तर त्याचे हात दुखत. असा हा मुलगा एक दिवस आईला म्हणाला, "आई, तुह्या मोठीचा दोरा जीर्ण झाला. मी आष्टीच्या बाजारात चाललोच हाये, पटव्याकडून गाठून आणतो."

आई आष्टीकडची. गळ्यातलं गाठवायचं तर ती आष्टीच्याच पटव्याकडून, दुसऱ्याचा तिला भरवसा नाही. तिने दोरा काढून दिला. मी तिथेच सुपारी कातरत बसलो होतो. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती, पण माझा संशय त्या काळात दुसरीकडे गुंतलेला होता.

तो बायकोवर होता.

तिने माझी पुस्तकं वाचायला सुरुवात केली होती. आधी ती म्हणायची, "घरात काय कमी अंधार हाये म्हून विकत आणता?" आता मी आणलेली एक पातळशी पहिली कादंबरी ती स्वयंपाक करताना ओट्यावर उघडी ठेवून वाचत होती. एका घरात नवी सून येते आणि तिला हळूहळू कळतं की आपल्या आधीची कुठे गेली हे कुणी बोलत नाही, अशी गोष्ट. वाचता वाचता माझ्याकडे बघायची. मी काही बोललो की म्हणायची, "काई नाई. वाचून राह्यली." त्यात दुपारचं बाहेर जाणं सुरू झालं. हातात पिशवी, पिशवीत नऊवारी लुगडं.

"कोठी?"

"भिशीले."

भिशी महिन्यातून एकदा असते. हिची आठवड्यात पुन्हा पुन्हा निघत होती. आणि नऊवारी नेसून भिशी कोण खेळतं? मी कसकसला संशय घेतला ते इथे लिहीत नाही, कारण घरात हे वाचलं जाणार आहे.

इकडे दोरा गाठून आला. आईने गळ्यात बांधला. त्या दिवशी जेवायला बसली, टाकाला अंगठा लावला आणि थांबली. पुन्हा लावला. मग ताट बाजूला सारून म्हणाली, "ही माही नाई."

"काऊन आई, काय झालं?" मी विचारलं.

"इचं नाक पाह्य. माह्या मोठीचं नाक घासून घासून गेलतं. अंगठ्यानं. ही तं कालची पोरगी दिसते."

मी चष्मा लावून पाहिलं. नाक खरंच टोकदार होतं. आई जेवली नाही. जिला पहिला घास द्यायचा तीच गळ्यात नाही, तर दुसरा घास कुणी खायचा, असा तिचा हिशोब. संध्याकाळी चहा घेतला, दुसऱ्या दिवशी थोडी भाकर खाल्ली, तीही वळचणीला बसल्यासारखी भिंतीकडे तोंड करून.

घर संशयाने भरून गेलं. आईला पटव्याचा संशय, की चांदी बदलून घेतली. मला बायकोचा, कारण दुसरेपणावर आलेल्या बायकांबद्दल पुस्तक तीच वाचत होती. बायकोला माझा.

"तुमीच तं म्हणता, पिक्चरमंदी सगळ्यात गरीब दिसणाराच चोर निघते," ती म्हणाली. "या घरात तुमच्याहून गरीब कोण दिसते?"

धाकटा ताट पुढे ओढून म्हणाला, "आई, नाकाचं काय घेऊन बसली. पटव्यानं पॉलिश मारली असंन."

"पॉलिशनं नाक वाढते काय रे?" आई म्हणाली. तो खाली मान घालून जेवत राहिला. बाबा तर नेहमीच खाली मान घालून जेवत. भयपटात असा प्रसंग आला की मी सतरंजीवरून ओरडत असे, अरे, तो बघा, तो. इथे माझी नजर सारखी बायकोच्या पिशवीकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पिशवी घेऊन निघाली. मी दुकानाचं शटर ओढलं आणि मागे निघालो. माणूस किती खालच्या थराला जातो ते मला त्या दिवशी कळलं, आणि उन्हात किती घाम येतो तेही. ती डेपोच्या बाजूला वळली आणि माझ्या भावाच्या खोलीत शिरली. मी बाहेरच्या पानठेल्यावर थोडा वेळ उभा राहिलो. मग दार ढकललं.

खोलीत काळोख. समोर टीव्ही, आणि टीव्हीवर, अख्ख्या पडद्याएवढी, आईची मोठी. तीच. घासून सपाट झालेलं नाक, डोळ्यांच्या जागी दोन खळगे. कॅमेरा हळूहळू वर सरकला. काळा दोरा, गळा, हनुवटी. हनुवटीवरचा तीळ मला ओळखीचा वाटला. ओळखीचा असणारच. चेहरा माझ्या बायकोचा होता.

खरी बायको कोपऱ्यात नऊवारी नेसून चिवडा खात बसली होती. मला बघून म्हणाली, "या. भिशी लागली तुमाले."

"हे काय करून राह्यले तुम्ही?" मी विचारलं.

"पिक्चर काढून राह्यलो, दादा," भाऊ म्हणाला. "भुताचा. तुले आवडते नं? म्हून नाई सांगतलं. तू पहिल्या दिवसापासून चुका काढल्या असत्या."

गोष्ट अशी होती की ती कादंबरी वाचून बायकोने त्याला सांगितली, आणि तो म्हणाला, वहिनी, याहून भारी तर आपल्या घरात आहे. दुसरेपणावर आलेली बाई पहिलीला गळ्यात घालते, आणि पहिली रोज थोडी थोडी तिच्यात उतरत जाते. दुसरी म्हणजे वहिनी. पहिली म्हणजे त्याच्या खोलीशेजारच्या ब्युटी पार्लरवालीची बहीण, जिने कॉलेजात नाटकात काम केलं होतं. पैसा नव्हता, दिवे लग्नाचेच.

"पण खरी काऊन घेतली? खोटी बनवली होती तं तेच वापरायची."

"दादा, असं घासलेलं नाक सोनार बनवून देत नाई," तो म्हणाला. "खोटं पडद्यावर लगेच दिसते. मले वाटलं, आईले नाई दिसणार."

मला रागवायचं होतं. पण माझ्याच सिद्धांताप्रमाणे तो वागला होता. पहिलंवहिलं काम, घरातलं सगळं अंगणात. फक्त त्याने ते विचारल्याशिवाय उचललं होतं.

त्याच संध्याकाळी टाक आईच्या हातात दिला. तिने अंगठ्याने नाक चाचपलं, डोळे मिटले, दोरा बांधला. भाऊ पाया पडायला वाकला, तर तिने पाय मागे घेतले.

"दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"तिले काय काय करायले लावलं, थे. सगळं."

"आई, अजून जोडायचं हाये थोडं."

"जसं हाये तसं दाखव." आणि मग, लुगड्याचा पदर सारखा करत, "उद्या दुपारी. अन् त्यायले बी बोलाव दुकानातून."

'त्यायले' म्हणजे बाबांना. बाबांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. आईला ते कशाला हवेत, हे मला, एवढ्या संशयी माणसाला, त्या क्षणी सुचलं नाही.

दुपारी समोरच्या खोलीत खिडक्या लावून आम्ही बसलो. आई पाटावर, बाबा खुर्चीवर, बायको दाराशी, कारण तिला पळून जायचं असावं. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती, ती शिकवणीला गेली होती म्हणून बरं. भावाने कॅसेट लावली.

सिनेमा वाईट नव्हता. खरं सांगायचं तर मी जे पार्लरमध्ये शोधत होतो ते त्यात होतं. लग्नाच्या कॅमेऱ्याने काढलेलं घर, आमचंच घर, ओळखीचं असूनही भलतंच दिसत होतं. देवळीतली पणती, ओला पाटा, परसातला पत्रा. बायकोच्या चेहऱ्यावर अशी एक भीती होती की माझ्या मनात आलं, ही कुठे शिकली? मग दुसरा विचार आला की मी रोज बघतो, मला कधी दिसली कशी नाही.

भूत आलं. केस मोकळे, नखं वाढलेली.

"इले कोनी फणी नाई देल्ली काय?" आई म्हणाली.

पुढे भूत दुसरीच्या ताटातलं अन्न उधळून देतं, आई जिभेने च् च् करत राहिली. मग शेवटाकडे ते दृश्य. पहिली कशी मेली ते. संध्याकाळचा उजेड, परसातली विहीर, पत्रा काढलेला. त्यासाठी, आई देवळात गेलेली वेळ साधून, त्याने दगड हलवले होते, आणि मला ते कळलं नव्हतं. ती मुलगी विहिरीच्या कठड्यावर चढते, मागे वळून घराकडे बघते, आणि पुढच्या क्षणी कठडा रिकामा.

"ती विहिरीत नाई गेली."

आवाज इतका अनोळखी होता की मला आधी वाटलं टीव्हीतून आला. बाबा बोलले होते. भावाने घाईने बटण दाबलं. पडद्यावर रिकामा कठडा थरथरत राहिला.

आईने बाबांकडे पाहिलं नाही. पडद्याकडेच बघत म्हणाली, "मंग कशी गेली?"

बाबा बराच वेळ गुडघ्यावरची सुतळी सोडवत बसल्यासारखे बोटं हलवत होते. तिथे सुतळी नव्हती.

"तापानं," ते म्हणाले. "थंडी वाजून ताप. बैलगाडीनं दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो. वाटेतच गेली. माह्या मांडीवर डोकं होतं."

"अन् विहीर?" हे मीच विचारलं. मला राहवेना.

"बेडकं पडत होते. नळ आला, म्हून झाकली."

माझी उभ्या आयुष्याची भीती बेडकांवर उभी होती, हे पचवायला मला वेळ लागला. पण बाबा थांबले नव्हते. झाकण निघालं होतं.

"डाव्या हातानं जेवे ती," ते म्हणाले. "माही माय रागवे. माय बाहेर गेली का पुन्हा डाव्या हातानं. मले म्हणे, सांगू नका कोनाले. मी नाई सांगतलं."

आई आता त्यांच्याकडे बघत होती.

"केवढी होती?"

"आपली नात हाये, तेवढी."

आई गळ्यातल्या टाकावर अंगठा फिरवत होती. जिला ती जन्मभर मोठी म्हणत आली, आणि अशी कुणी जरबेची बाई असेल म्हणून जिचा धाक बाळगला, ती शिकवणीला गेलेल्या माझ्या मुलीएवढी होती. कुणी तिला घालवलं नव्हतं. आणि त्या दोघांचं एक गुपित होतं, जे बाबांनी आजपर्यंत राखलं होतं, आईपासूनही.

शेवटी भावानेच तोंड उघडलं. तो बिचारा वेगळ्याच संकटात होता. "मंग आता शेवट काय करू? तापानं गेलेली पोरगी भूत कायले होईन?"

"नको करू भूत," आई उठत म्हणाली. "जेवाले वाढ तिले."

त्याने शेवट पुन्हा काढला. विहीर काढून टाकली. आता शेवटी फक्त बायको, म्हणजे सिनेमातली दुसरी, जेवायला बसते आणि घास काढून ताटाबाहेर ठेवते. बराच वेळ काही होत नाही. मग पडद्याच्या कडेने एक हात येतो. बांगड्या भरलेला, कोवळा, डावा. घास उचलतो आणि जातो. तेवढंच. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भर दुपारी उठून लाईट लावला. नागपूरला कुठल्याशा कॉलेजात त्याने तो दाखवला, तर पोरं म्हणाली, काही झालंच नाही की हो शेवटी. एक-दोन पोरी मात्र सिनेमा संपल्यावरही जागेवरून उठल्या नाहीत म्हणे. भावाने पुढे लग्नांचंच काम धरलं. घरून विरोध नव्हता, पण दुसरा सिनेमा त्याला जमला नाही. नातेवाईक भेटून गेले असावेत.

आई त्या दिवसानंतर मोठीचा घास ताटाच्या डाव्या बाजूला काढू लागली. तिला कुणी विचारलं नाही, तिने कुणाला सांगितलं नाही. बाबा समोर बसून जेवत, आणि घास डावीकडे पडला की एकदा तिकडे बघत.

पण मी मूळचा संशयी माणूस, आणि एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. एका दुपारी मी दुकानातून लवकर घरी आलो. बाबा बाजारात गेले होते, बायको माहेरी. आई स्वयंपाकघरात एकटी जेवत होती, माझ्याकडे पाठ करून. घास काढून ठेवायची जागा रिकामी होती. आणि ती वरण-भात कालवून सावकाश, बोटं चाटत, डाव्या हाताने खात होती. नीट खात होती. सवय असल्यासारखी.

पायरीवर माझा पाय वाजला. तिने मागे वळून पाहिलं.

"काय पाहून राह्यला?" ती म्हणाली. "उजवा हात दुखते माहा."

मी बरं म्हणालो आणि दुकानात परत गेलो. संध्याकाळी तिने त्याच उजव्या हाताने पाट्यावर चटणी वाटली. मी बघत होतो. मी काही विचारलं नाही, आणि बाबांना तर नाहीच सांगितलं.